शाळेत आपत्कालीन सराव कसा घ्यावा: पहिल्यांदाच जबाबदारी आलेल्यांसाठी

शिक्षकांच्या बैठकीत सगळ्यात शेवटी 'आपत्कालीन सराव' हा विषय निघतो, सगळे खाली बघतात आणि काम सर्वांत नव्या माणसाच्या गळ्यात पडतं. तो माणूस तुम्ही असाल, तर पुढचं वाचा.

बऱ्याच शाळांमधला सराव ठरलेला असतो. तारीख आठवडाभर आधी जाहीर, घंटा झाली की मुलं हसतखिदळत रांगेनं मैदानावर, दोन फोटो, अहवालात 'सराव यशस्वीरीत्या पार पडला' ही ओळ आणि मग वर्षभर कुणी नाव काढत नाही. यातून काहीच कळत नाही, कारण काही बिघडायला जागाच ठेवलेली नसते. मागचं फाटक उघडत नाही, तिसऱ्या मजल्यावर घंटा ऐकू येत नाही, बदलीवर आलेल्या बाईंना जिना कुठला ते ठाऊक नाही, असल्या गोष्टी सापडाव्यात म्हणूनच सराव घ्यायचा. एकही चूक निघाली नाही असा अहवाल हातात आला, तर मी आधी अहवाल लिहिणाऱ्याला चार प्रश्न विचारेन.

पहिलं काम: शाळा पायी फिरा

योजना लिहायला बसू नका. शाळा भरलेली असताना, किल्ल्या ज्यांच्या ताब्यात असतात त्या शिपाईमामांना बरोबर घेऊन इमारतीचा कोपरान् कोपरा फिरा. नकाशावर चार दरवाजे दिसतात; फिरल्यावर त्यातले दोनच खरे निघतात. एकामागे कपाट सरकवलेलं असतं. दुसऱ्याला कुलूप असतं, किल्ली मामांच्या जुडग्यात असते आणि मामा दुपारी टपाल द्यायला बाहेर गेलेले असतात. नियम एकच ठेवा: शाळा भरलेली असताना बाहेर पडायच्या वाटेवर कुलूप नाही. बाहेरचं कुणी आत येईल अशी भीती असेल, तर आतून किल्लीशिवाय उघडणारी कडी बसवून घ्या.

जिन्याखाली काय साठवलंय ते बघा. मोडके बाक, जुन्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, व्यायामाच्या गाद्या हे सगळं जळणच आहे, आणि धूर वर चढतो तो जिन्यातूनच. आगीत माणसं भाजून मरण्यापेक्षा धुरानं गुदमरून जास्त मरतात. त्यामुळे जिना मोकळा करणं हे सरावाच्या आधीचं आणि सरावापेक्षाही महत्त्वाचं काम.

मग घंटा वाजवून बघा. एकानं घंटा द्यायची आणि दुसऱ्यानं स्वच्छतागृहात, प्रयोगशाळेत, दार लावलेल्या संगीतवर्गात, मैदानाच्या टोकाला उभं राहून ऐकायचं. वीज गेली तर विजेची घंटा मुकी होते, म्हणून हातघंटा, शिट्ट्या किंवा बॅटरीवरचा भोंगा हाताशी हवा. खिडक्यांना गज असतील, तर खिडकी ही वाट नाही हे धरूनच चाला.

अग्निशामक नळकांड्यांवरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का, पिन जागेवर आहे का, तपासणीची चिठ्ठी किती जुनी आहे, हे टिपून घ्या. मोठ्यांपैकी काहींना तरी ते चालवता आलं पाहिजे: पिन ओढायची, नळी आगीच्या बुडाशी धरायची, मूठ दाबायची आणि डावीकडून उजवीकडे फिरवत राहायचं. वर्गात टांगलेलं पावडरचं नळकांडं साधारण अर्ध्या मिनिटात रिकामं होतं. म्हणून आग कचऱ्याच्या डब्याएवढीच असेल, मुलं बाहेर निघाली असतील आणि आपल्या पाठीमागची वाट मोकळी असेल, तरच त्याला हात घालायचा.

संकटं पुष्कळ, हालचाली पाचच

नवशिके प्रत्येक संकटासाठी वेगळं प्रकरण लिहायला घेतात आणि साठ पानांची फाइल तयार होते. ती कुणी वाचत नाही. मुलांना शिकवायच्या हालचाली मोजक्या आहेत:

- बाहेर पडणं: आग, धूर, गॅसचा वास. दप्तर, डबा, बाटली जागेवरच. शेवटी निघणाऱ्यानं दार ओढून घ्यायचं, कुलूप मात्र लावायचं नाही. धूर असेल तर खाली वाकून किंवा रांगत.
- जागच्या जागी स्वतःला वाचवणं: भूकंप. जमीन हलत असताना धावायचं नाही. बाकाखाली शिरायचं, डोकं-मान झाकायची, बाकाचा पाय धरून ठेवायचा. बाक नसेल तर खिडकी आणि कपाटापासून दूर, आतल्या भिंतीशी. हादरे थांबल्यावर बाहेर.
- आत येऊन थांबणं: वादळ, विजा, जवळपास विषारी वायूची गळती. गळती असेल तर दारं-खिडक्या बंद आणि पंखे, वातानुकूलन बंद.
- दार लावून गप्प राहणं: शाळेत घातक माणूस किंवा चवताळलेलं जनावर शिरलं असेल तर. कडी, दिवे बंद, फोन मुका, दारातून दिसणार नाही अशा कोपऱ्यात सगळे.
- उंचावर जाणं: पूर, किनाऱ्यावर त्सुनामी.

यात दोन हालचाली एकमेकींच्या नेमक्या उलट आहेत. आगीत खोली सोडायची असते, घुसखोर आला तर खोलीतच राहायचं असतं. दोन्हींना एकच घंटा ठेवली तर मुलं नको त्या वेळी व्हरांड्यात येतील. सांकेतिक शब्दांच्या नादी लागू नका. 'लाल कमळ' म्हणजे काय हे त्या दिवशी बदलीवर आलेल्या शिक्षकाला कसं कळणार? ध्वनिक्षेपकावरून सरळ सांगा: "आग लागली आहे, बाहेर पडा." "दारं लावा, आतच थांबा." घंटेचे प्रकार वेगळे असावेत, पण त्यामागून शब्द आलेच पाहिजेत.

घंटा कुणी द्यायची?

उत्तर: ज्याला आधी धूर दिसला त्यानं. हे लेखी द्या आणि बैठकीत मुख्याध्यापकांच्याच तोंडून वदवून घ्या, नाहीतर कुणाचा हात पुढे होणार नाही.

१ डिसेंबर १९५८ रोजी शिकागोतल्या 'अवर लेडी ऑफ द एंजल्स' या शाळेला आग लागली. ९२ मुलं आणि ३ शिक्षिका गेल्या. धुराचा वास आल्यावर एक शिक्षिका मुख्याध्यापिकांना विचारायला कार्यालयात गेल्या, पण त्या तिथे नव्हत्या. त्या दिवशी त्या दुसऱ्या एका शिक्षिकेच्या जागी वर्गावर शिकवत होत्या. शाळेतली घंटा अग्निशमन दलाशी जोडलेलीही नव्हती. या दोन्ही गोष्टी आपल्याला लागू आहेत. परवानगीची वाट बघण्यात वेळ जातो, आणि शाळेत घंटा झाली म्हणजे अग्निशमन दलाला कळलं असं होत नाही. फोन कोण करणार हे नाव घालून ठरवा. पत्ता, जवळची खूण, गाडी कोणत्या फाटकातून आत येईल, हे तीन वाक्यांत लिहून फोनशेजारी चिकटवा. गडबडीत माणसाला स्वतःच्या शाळेचा पत्ता आठवत नाही.

बाकीच्या कामांची वाटणीही अशीच, नावानिशी आणि प्रत्येक कामाला दोन माणसं: स्वच्छतागृहं बघणारे, वीज आणि गॅस बंद करणारे, फाटक उघडून गाडीला वाट दाखवणारे, प्रथमोपचाराची पेटी घेणारे. दुसरं नाव शोभेचं नाही. पहिला माणूस रजेवर असेल हे धरूनच चालायचं.

जमायची जागा, आणि ती गेली तर दुसरी

इमारतीपासून अंतर निदान तिच्या उंचीएवढं हवं. त्याहून जास्त मिळालं तर उत्तम. वर विजेच्या तारा नकोत, शेजारी मोडकळीला आलेली भिंत नको, अग्निशमन दलाची गाडी ज्या वाटेनं येणार ती अडवणारी जागा नको. प्रत्येक वर्गाची उभं राहायची जागा ठरलेली असावी. जमिनीवर किंवा कुंपणावर वर्गाचं नाव रंगवलं की भांडणच मिटतं.

आता यातला अवघड भाग. ११ मार्च २०११ रोजी जपानच्या ईशान्य किनाऱ्यावर भूकंप झाला, तेव्हा इशिनोमाकीजवळच्या ओकावा प्राथमिक शाळेतली मुलं नियमाप्रमाणे मैदानावर जमली. सगळं शिस्तीत झालं. त्सुनामी आली तर कुठे जायचं, याबद्दल शाळेच्या पुस्तिकेत जवळची मोकळी जागा, बाग एवढंच मोघम लिहिलं होतं. टेकडी शाळेला लागूनच होती. कुठे जावं याचा निर्णय होईना, मुलं जवळजवळ पन्नास मिनिटं मैदानातच राहिली आणि लाट आली. ७४ मुलं आणि १० शिक्षक गेले. पुढे पालक न्यायालयात गेले, आणि वरिष्ठ न्यायालयानं २०१८ मध्ये शाळा व स्थानिक प्रशासनाची आधीची तयारीच अपुरी होती असं ठरवलं.

त्याच दिवशी, त्याच किनाऱ्यावर कामाइशीमध्ये माध्यमिक शाळेतली मुलं घंटेची वाट न बघता उंचावर पळाली. वाटेत शेजारच्या प्राथमिक शाळेतली लहान मुलंही त्यांच्याबरोबर निघाली. ठरलेल्या जागी पोचल्यावर ती जागाही सुरक्षित वाटेना, तेव्हा सगळे आणखी वर गेले आणि वाचले.

तेव्हा तुमच्या कागदावर 'सुरक्षित स्थळी जाणे' असं लिहिलं असेल तर ते खोडा. जागेचं नाव लिहा, वाट लिहा, चालत किती वेळ लागतो ते लहानात लहान वर्गाला प्रत्यक्ष चालवून लिहा. त्याखाली दुसऱ्या जागेचं नाव लिहा. पहिली जागा सोडायची की नाही हे त्या क्षणी एकाच माणसानं ठरवायचं, आणि तो माणूस कोण हेही लिहा.

जिना

शाळा रिकामी करताना खरा घोळ जिन्यात होतो. वरच्या मजल्याचा लोंढा आणि खालच्या मजल्याचा लोंढा वळणावर एकत्र येतात, एखादं मूल अडखळतं आणि मागचे त्याच्यावर येतात. चीनमधल्या सिचुआन प्रांतात सांगझाओ माध्यमिक शाळेचे मुख्याध्यापक ये झिपिंग यांनी याचा बारकाईनं विचार केला होता. कोणत्या वर्गानं कोणत्या जिन्यानं उतरायचं, पुढच्या बाकांवरच्यांनी पुढच्या दारानं आणि मागच्यांनी मागच्या दारानं निघायचं, शिक्षकांनी जिन्याच्या वळणावर उभं राहायचं. १२ मे २००८ च्या भूकंपात तिथले दोन हजारांवर विद्यार्थी १ मिनिट ३६ सेकंदांत मैदानावर आले आणि सगळे वाचले. मात्र या गोष्टीचा दुसरा अर्धा भाग सांगायचा राहून जातो. याच मुख्याध्यापकांनी त्याआधी कित्येक वर्षं इमारत मजबूत करून घेण्यासाठी पैसे जमवले होते. सरावानं भिंत उभी राहत नाही. इमारतीला तडे असतील तर सरावाच्या अहवालात ती पहिली ओळ असू द्या.

सेकंदांचा तो आकडा ऐकून मुलांना पळवायला मात्र जाऊ नका. वर्गावर्गांत शर्यत लावणं, पहिल्या येणाऱ्या तुकडीला शाबासकी देणं, हे प्रकार जिन्यावरच्या अपघाताला आमंत्रण आहेत. भरभर चालायचं, पुढच्याला ढकलायचं नाही, मागे फिरायचं नाही, एवढंच शिकवा.

मोजणी: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

सगळी मुलं बाहेर आली हे कशावरून? 'दिसतायत की सगळी' हे उत्तर चालत नाही.

हजेरी सकाळी पहिल्या तासाला होते. त्यानंतर एक मूल दात दाखवायला घरी गेलेलं असतं, दोघं वह्यांचा गठ्ठा घेऊन शिक्षकखोलीत, एक पोट दुखतंय म्हणून आजाऱ्यांच्या खोलीत, चौघं गाण्याच्या सरावाला. त्यामुळे सकाळचा पट दुपारी खोटा ठरतो. मधेच जाणाऱ्याची नोंद एका ठिकाणी होते का, हे आधी बघा. बहुतेक शाळांत ती दोन-तीन वह्यांत विखुरलेली असते. हजेरीपट कार्यालयात किंवा संगणकात असेल तर आगीच्या वेळी तो आतच राहणार. म्हणून वर्गाच्या दारामागे खिळ्याला अडकवलेली छापील यादी आणि पेन्सिल. हा साधा उपाय मी कुठल्याही अॅपच्या आधी करायला सांगेन.

मैदानावर वर्गशिक्षकानं नावं वाचायची, डोकी मोजायची नाहीत. मग हिरवं किंवा लाल कार्ड वर धरायचं. हिरवं म्हणजे यादीतले सगळे इथे आहेत. लाल म्हणजे कुणीतरी कमी आहे, किंवा जास्त आहे. हे 'जास्त' लोक विसरतात. समजा सातवी ब चं कार्ड लाल आहे, एक मुलगा सापडत नाही, सगळे इमारतीकडे बघू लागलेत. तो मुलगा मैदानाच्या दुसऱ्या टोकाला तिसरीच्या रांगेत असतो, धाकट्या बहिणीचा हात धरून. त्याला ओरडण्यात अर्थ नाही. कुठलाही भाऊ हेच करील. तिसरीच्या बाईंनी 'माझ्याकडे एक जास्त' म्हणून लाल कार्ड दाखवलं असतं तर अर्ध्या मिनिटात उलगडा झाला असता. मुलांनाही आधीच सांगून ठेवा की भावंडाला त्याचे शिक्षक घेऊन येतात, मोजणी झाली की भेटता येईल.

मूल खरंच कमी असेल, तर कुणीही आत परत जायचं नाही. मुलाचं नाव, शेवटचं कुठे दिसलं ती जागा, एवढं अग्निशमन दलाच्या प्रमुखाला सांगायचं. मोजणीत शिपाई, स्वयंपाकघरातल्या मावशी, पाहुणे आणि पालकही धरायचे. दारावरची भेटींची नोंदवही बाहेर आणायचं काम कुणाकडे तरी द्या.

ज्यांना जिना उतरता येत नाही

चाकाच्या खुर्चीवरच्या मुलाला 'तू बस इथेच, सराव आहे' असं सांगितलं जातं, तेव्हा त्याच्यासाठी योजनाच नाही हे सिद्ध होतं. अशा प्रत्येक मुलासाठी दोन मोठ्यांची नावं ठरवा, त्याला आणि पालकांना विचारा की उचलताना कुठे धरलेलं चालतं, आणि आधी रिकामी खुर्ची जिन्यावरून उतरवून बघा. त्याचा वर्गच तळमजल्यावर आणता आला तर निम्मा प्रश्न सुटतो. ऐकू न येणाऱ्या मुलाला सोबती द्या किंवा लुकलुकणारा दिवा बसवा. कर्कश आवाजानं बिथरणाऱ्या मुलाला आदल्या दिवशी चित्रं दाखवून काय होणार ते सांगा, कान झाकायचं साधन हाताशी ठेवा.

एकदम सगळी शाळा बाहेर काढू नका

पहिला सराव टेबलावर, फक्त मोठ्यांचा. सगळ्या कर्मचाऱ्यांना बसवून विचारा: "दुपारचे दोन वाजलेत, प्रयोगशाळेत धूर आहे, मुख्याध्यापक बाहेरगावी आहेत. आता काय?" तासाभरात निम्म्या त्रुटी इथेच बाहेर येतात. मग एकेका वर्गाला त्याची वाट चालवून आणा. मग एक मजला. त्यानंतर जाहीर केलेला पूर्ण सराव, सत्र सुरू झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत. हे जमलं की मगच अवघड रूप: नेहमीचा जिना अडवून ठेवा, 'इथे धूर आहे' अशी पाटी हातात घेऊन एक शिक्षक उभा करा आणि वर्ग दुसरी वाट धरतो का ते बघा. वर्षातून किती सराव घ्यायचे याचा तुमच्याकडचा नियम असेल. तो कमीत कमी आकडा समजा.

दार लावून बसण्याच्या सरावात नाट्य नको. खोटं रक्त, बंदुकीचे आवाज, 'खरंच कुणीतरी घुसलंय' अशी थाप, यांतून मुलं शिकत काही नाहीत, घाबरतात मात्र. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२० मध्ये अशा फसव्या सरावांविरुद्ध स्पष्ट भूमिका घेतली. लहानांना एवढंच सांगितलं तरी पुरतं: बाई सांगतील तिथे गप्प बसायचं.

प्रत्यक्ष त्या दिवशी

अग्निशमन दल, शेजारी आणि पालकांना आधी कळवा, नाहीतर खरी गाडी येईल. दलातलं कुणी बघायला आलं तर फारच छान. प्रत्येक जिन्यावर, फाटकावर आणि मैदानावर एकेक निरीक्षक ठेवा, ज्याच्याकडे दुसरं कुठलंच काम नाही. त्यानं फक्त बघायचं आणि घड्याळ लावून लिहायचं: घंटा किती वाजता, पहिलं मूल बाहेर कधी, शेवटचं कधी, मोजणी पूर्ण कधी. यातली शेवटची वेळ सर्वांत बोलकी असते. सरावादरम्यान खरंच कुणी पडलं किंवा भोवळ आली तर 'सराव थांबला' एवढे दोनच शब्द कुणीही मोठ्यानं म्हणावेत, आणि सगळ्यांनी जागच्या जागी थांबावं.

वर्षातून एकदा तरी पालकांच्या हाती मुलं सोपवण्याचाही सराव घ्या, एका वर्गापुरता का होईना. खऱ्या संकटात फाटकावर पालकांची गर्दी होते, फोन लागत नाहीत, आणि 'मी काका आहे, मुलाला नेतो' म्हणणाऱ्याला ओळखायचं कसं हा प्रश्न येतो. कोणाच्या हाती द्यायचं त्यांची नावं आधी लिहून घेतलेली असावीत, देताना सही घ्यावी आणि हे काम गाड्या येण्याच्या फाटकापासून लांब, वेगळ्या दारावर चालावं.

नंतरची पंधरा मिनिटं

त्याच दिवशी शाळा सुटल्यावर बसा. दुसऱ्या दिवशी लोक बारकावे विसरतात. निरीक्षकांना आधी बोलू द्या, मुख्याध्यापकांना शेवटी. मुलांनाही विचारा, 'जिन्यातला दिवा बंद होता' हे त्यांनाच माहीत असतं. निघालेली प्रत्येक त्रुटी, ती दुरुस्त करणाऱ्याचं नाव आणि तारीख, असे तीन रकाने वहीत पुरे आहेत. पुढचा सराव सुरू करण्याआधी हीच वही उघडायची आणि मागची कामं झाली का ते स्वतः जाऊन बघायचं.

पुढच्या सरावासाठी मधली सुट्टी निवडा. शाळा तेव्हाच सर्वांत विस्कळीत असते: मुलं वर्गात नाहीत, शिक्षक शिक्षकखोलीत, याद्या दारामागे अडकलेल्या. मुलांना एवढं आधी सांगून ठेवा की सुट्टीत घंटा झाली तर दप्तरासाठी वर्गाकडे जायचं नाही, असाल तिथून थेट आपल्या वर्गाच्या खुणेपाशी. आणि याद्यांची एक जादा प्रत मैदानाजवळच्या पहारेकऱ्याच्या खोलीत ठेवा, कारण त्या वेळी वर्गातली यादी कुणाच्याच हाती नसेल.